डॉज कॅम्परचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या घरी उघडता येतो, त्यामागची गोष्ट

अमेरिकेत घरांच्या मागच्या अंगणात 1970 च्या दशकातली डॉज कॅम्पर व्हॅन आजही दिसते. आत दोन बर्नरची शेगडी, एवढंसं सिंक, रात्री पलंग होणारं बाकडं आणि जमिनीखाली डॉजच्या मूळ कंपनीचा, म्हणजे क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट 727 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इतक्या वर्षांनी हा गिअरबॉक्स घसरायला लागतो: इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही. दुकानात दुरुस्ती करायची तर खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून बरेच मालक गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) चढवतात आणि गिअरबॉक्स स्वतःच उतरवतात. ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्याकडचे चांगले मेस्त्रीही हात आखडता घेतात, त्यामुळे हे ऐकून आश्चर्य वाटतं. पण हा विशिष्ट डबा घरी उघडता येतो, याला कारणं आहेत आणि ती बरीच जुनी आहेत.

सुरुवात फोर्डच्या मॉडेल टीपासून करावी लागते. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या आणि त्या सगळ्यांत प्लॅनेटरी गिअर होते: मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. चालकाने पेडल दाबलं की आतल्या एका ड्रमभोवती पट्टा आवळायचा, ड्रम थांबायचा आणि गिअर बदलायचा. पट्ट्याचं सुती अस्तर झिजायचं आणि मालक पायाखालच्या फळ्या उचलून, झाकण काढून ते स्वतः बदलायचे. काम सुरू करण्याआधी खालच्या पोकळीत चिंधी कोंबून ठेवायची, कारण हातातला नट आत पडला की दिवस गेलाच. याच गाड्यांवर तंबू आणि फळ्या बांधून लोक भटकायला निघाले. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला त्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ हा संघही काढला. गाडीत राहायचं आणि गाडी आपणच उघडायची, या दोन्ही सवयी त्या पिढीने एकत्रच लावून घेतल्या.

पेडल जाऊन त्याजागी तेलाचा दाब आला, ती वाट वेगळी आहे. जर्मनीत हर्मान फ्योटिंगर जहाजांसाठी काम करत होता. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये धातूचा धातूला स्पर्श न होता फक्त द्रवातून ताकद पोचवायची, या कल्पनेचं पेटंट त्याने 1905 मध्ये घेतलं. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिला तेव्हा हा द्रव-जोड आणि प्लॅनेटरी गिअर एकाच डब्यात आले. त्यामागे अर्ल थॉम्पसन होता. गिअर टाकताना होणारी खरखर बंद करणारा सिंक्रोमेशही त्याचाच. क्रायस्लर या शर्यतीत मागे राहिली. तिने 1953 मध्ये दोन गिअरचा पॉवरफ्लाइट आणला आणि 1956 मध्ये तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट.

टॉर्कफ्लाइटमधली गिअरची रचना हॉवर्ड सिम्पसनची. हा पूर्वी फोर्डमध्ये ट्रॅक्टरवर काम केलेला इंजिनिअर. दोन प्लॅनेटरी संच, पण मधलं सूर्यचक्र दोघांत सामाईक, एवढ्यावर त्याने तीन पुढचे गिअर आणि रिव्हर्स बसवले. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. सुटे भाग कमी आणि सगळे एकाच रेषेत, त्यामुळे उघडताना ते ज्या क्रमाने बाहेर येतात त्याच्या उलट क्रमाने परत जातात. आधी डबा ओतीव लोखंडाचा होता. 1962 मध्ये ॲल्युमिनिअमचा 727 आला तेव्हा वजन बरंच उतरलं. तरीही तो 70 किलोच्या आसपास भरतो; जॅकशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे 2014 च्या सेलेरिओपासून ज्याला लोक सर्रास ऑटोमॅटिक म्हणू लागले तो एएमटी, म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्राकडे दिलेलं. 727 मध्ये कोणता गिअर टाकायचा हा निर्णयच तेल घेतं. मागच्या शाफ्टवरचा गव्हर्नर वेगाप्रमाणे एक दाब तयार करतो, ॲक्सिलरेटरला जोडलेला रॉड दुसरा. व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या धातूच्या ठोकळ्यात, एका स्प्रिंगवाल्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांना हे दाब भिडतात आणि ज्याची सरशी होते त्याप्रमाणे गिअर पडतो. मूळच्या 727 मध्ये या निर्णयासाठी एकही वायर नाही. घरी दुरुस्ती शक्य होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: बिघाड डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो.

दुसरं कारण खपाचं. मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रे फ्रँकने 1958 मध्ये घरच्यांसाठी चाकांवरचं घर बांधलं आणि 1961 पासून डॉजच्या चॅसिसवर तशी घरं विकायला सुरुवात केली. पुढे विनेबॅगो या चाकांवरची घरं बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्याही डॉज चॅसिसवर आल्या. 1971 च्या मॉडेलपासून डॉजची बी मालिकेतली व्हॅन निघाली, ती 2003 पर्यंत चालली आणि कॅम्पर बनवणाऱ्यांनी ती उचलून धरली. हाच 727 पिकअपमध्ये, पोलिसांच्या गाड्यांत, जीपमध्ये, इतकंच काय जेन्सन इंटरसेप्टरसारख्या महागड्या ब्रिटिश गाडीतही होता. त्यामुळे क्लच प्लेटा, ऑइल सील आणि पॅकिंगचं पूर्ण किट अजून सहज मिळतं.

उघडल्यावर काय दिसतं? तेलाच्या पॅनला 14 बोल्ट, बहुतेक गाड्यांत ड्रेन प्लग नाही. एक कोपरा सैल करून तेल हळूहळू परातीत घ्यायचं. तेल लालऐवजी तपकिरी आणि करपल्यासारखा वास, म्हणजे प्लेटा जळल्या. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग वेगळे करताना आतून स्टीलच्या इवल्याशा गोळ्या घरंगळतात. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा मोठी असते आणि तिची जागा ठरलेली. म्हणून आधी फोटो काढायचा. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजत ठेवायच्या. पट्टे इथेही आहेतच, दोन. ॲडजस्टिंग स्क्रू 72 इंच-पाउंडला आवळायचा आणि बहुतेक मॉडेलना दोन फेरे मागे घ्यायचा. मॉडेल टीच्या मालकाला हे काम लगेच ओळखू आलं असतं. जुळणी झाली की व्हॉल्व्ह बॉडी लावण्याआधी केसमधल्या एकेका भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. आतून ‘ठप्’ असा भरीव आवाज आला की तो क्लच धरतोय. हवा नुसतीच फुस्स करत निघून गेली तर सील दुमडलंय, परत खोला.

कॅम्परमध्ये हे गिअरबॉक्स लवकर का जातात, तर उष्णतेमुळे. पाण्याची टाकी, फर्निचर, बिछाने यांमुळे गाडी कायम भरलेली आणि घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागात) तेल घुसळून घुसळून तापतं. तेलाचाही एक इतिहास आहे. 1949 च्या टाइप ए तेलापासून पुढे दोन दशकं या तेलात स्पर्म व्हेलची चरबी मिसळत. क्लच हळुवार धरावा म्हणून ती लागायची आणि उष्णतेत टिकायचीही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेलपासून बनलेल्या मालावर बंदी आणली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. बंदी योग्यच होती. आजचं कृत्रिम तेल त्या जुन्या तेलापेक्षा उष्णता चांगली सोसतं. तरी जुन्या कॅम्परला रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर लावलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

क्रायस्लरने 1989 मध्ये पूर्ण इलेक्ट्रॉनिक ताब्याचा ए604 आणला. त्यानंतरच्या डब्यांत पान्याच्या जोडीला स्कॅनर लागतो. 727 मात्र पान्याचाच राहिला. त्याला नव्याने बांधणाऱ्याने गाडी रस्त्यावर काढण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये बघावी, कारण जुन्या मॉडेलमध्ये पार्कला ठेवलं की कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही. दुसरी गोष्ट ॲक्सिलरेटरला जोडलेला, कार्ब्युरेटरपासून खाली येणारा तो रॉड. तो सुटा राहिला किंवा आखूड बसला, तर दाब कमी पडतो, प्लेटा घसरत राहतात आणि आठवडाभर खपून बसवलेलं नवं किट पहिल्याच लांबच्या फेरीत जळून जातं.