आई-वडील परदेशात, सिक्युरिटी क्लिअरन्स अमेरिकेत

मिलो रादुलोविच हा अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीतला तरुण लेफ्टनंट. नोकरी आणि बायको-मुलं सांभाळत मिशिगन विद्यापीठात शिकत होता. १९५३ मध्ये त्याला कळवण्यात आलं की तो सुरक्षेला धोका आहे. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती. आक्षेप वडील आणि बहिणीवर होता. वडिलांकडे सर्बियन भाषेतलं एक डाव्या विचारांचं वृत्तपत्र यायचं, बहीण डाव्या चळवळीत होती. दोघांशी संबंध तोडायला मिलोने नकार दिला. कोळशाच्या खाणीत आणि मोटार कारखान्यात उमर घालवलेल्या वडिलांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना पत्र लिहिलं : मला काही नको, माझ्या मुलाला न्याय द्या. टीव्ही पत्रकार एडवर्ड मरो यांनी २० ऑक्टोबरला हे प्रकरण टीव्हीवर मांडलं आणि महिनाभरात हवाई दलाने निर्णय फिरवला.

टीव्हीवर न आलेल्या माणसांचं काय झालं असेल, हा विचार पाठ सोडत नाही.

निष्ठेच्या या सरकारी तपासण्यांची सुरुवात १९४७ सालच्या राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या निष्ठा-चाचणी आदेशाने झाली आणि आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने त्या आणखी कडक झाल्या. खाजगी कंपनीतले इंजिनियर विल्यम ग्रीन यांची सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, आणि पाठोपाठ नोकरी त्याच साली गेली. आक्षेपांत घटस्फोटित पत्नीचे डावे संबंधही होते. साक्षीदार कोण, हे त्यांना कधी कळलंच नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रीन यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे पुढच्याच वर्षी खाजगी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुनावणीची पद्धत आली.

हळूहळू प्रश्नाचा रोख बदलला. नातेवाईक कोणत्या विचारांचे, यापेक्षा त्यांच्यामार्फत कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, हे पाहिलं जाऊ लागलं. आजच्या नियमावलीतला 'परकीय प्रभाव' हा निकष नेमका हाच आहे. देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारात किंवा सैन्यात आहेत का, उमेदवाराची मुळं अमेरिकेत किती खोल रुजली आहेत, हे सगळं तोललं जातं. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण शंका उरली तर तिचा फायदा उमेदवाराला मिळत नाही, देशाच्या सुरक्षेला मिळतो.

गुप्तचर खात्यांचा नियम तर फारच ताठर होता : अतिगोपनीय माहितीसाठी जवळचे कुटुंबीयही अमेरिकी नागरिकच हवेत, सूट अपवादानेच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अरबी जाणणाऱ्यांची टंचाई भासली आणि भाषा घरातूनच येणाऱ्या माणसांना हाच नियम अडवतो, हे लख्ख दिसलं. २००८ मध्ये तो सैल झाला.

क्लिअरन्स फक्त नागरिकांना मिळते. त्यामुळे आपल्या मराठी मुलामुलींना या प्रश्नाला सामोरं जावं लागतं ते बहुधा नागरिकत्व घेतल्यावर, संरक्षण खात्याचं काम असलेल्या कंपनीत. एसएफ-८६ नावाचा भलामोठा फॉर्म भरायचा. त्यात आई-वडील, भावंडं, सासू-सासरे, सगळ्यांची माहिती. संपर्क कशाने होतो : भेटून, फोनवर, पत्राने? किती वेळा : रोज, आठवड्याला, महिन्याला? वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले असतील किंवा भाऊ लष्करात असेल, तर तेही लिहायचं. सुनावणीत आई-वडिलांबद्दलची माया गृहीतच धरली जाते, सासू-सासऱ्यांबद्दलचीसुद्धा. ती नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी उमेदवाराची. रोज रात्री आईला फोन करणाऱ्याने 'रोज' हीच खूण करावी. नातं लपवणं हा वेगळा आणि बहुतेकदा जास्त महागात पडणारा आक्षेप ठरतो.

२०१५ मध्ये उघड झालं की अमेरिकी सरकारच्या कार्मिक कार्यालयातून तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्या आहेत. त्यात २ कोटी १५ लाख लोकांची माहिती होती. कुणाचे आई-वडील कोणत्या देशात राहतात, हे उमेदवारांनी विश्वासाने लिहून दिलं होतं, आणि ते सरकारच्याच कपाटातून बाहेर गेलं.