लघवीचे शेवटचे थेंब लाल का?

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या काठच्या गावांत मुलांना लघवीतून रक्त जातं, ते बहुधा शेवटी. सुरुवातीची धार पिवळी, अखेरचे थेंब लाल. मूत्रपिंडाला सूज असली तर सगळीच लघवी काळ्या चहासारखी होते. इथे दुखणं मूत्राशयाच्या भिंतीत असतं, म्हणून ते आवळताना रक्त येतं.

शिस्टोसोमा हिमॅटोबियम या चपट्या कृमीच्या अळ्या गोगलगायीतून पाण्यात उतरतात आणि डुंबणाऱ्या मुलाच्या कातडीतून आत शिरतात. नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं राहते. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो, तो भिंतीला टोचत राहतो.

तपासणीची लघवी सकाळी 10 ते दुपारी 2 दरम्यान घ्यावी, कारण अंडी तेव्हा जास्त पडतात. पहाटेच्या नमुन्यात ती निसटू शकतात. शेवटची धार जरूर घ्या. 10 मिलिलिटरमध्ये 50 किंवा अधिक अंडी म्हणजे संसर्ग भारी.

औषध प्राझिक्वांटेल: किलोमागे 40 मिलिग्रॅम, एकाच वेळी. गोळी 600 मिलिग्रॅमची, म्हणजे 15 किलोच्या मुलाला एक, 30 किलोच्याला दोन. शाळेत वजनकाटा नसला तर खुणा केलेल्या काठीने उंची मोजतात. 94 ते 110 सेंटिमीटरला एक गोळी. आधी मुलाला जेवू घालावं, उपाशीपोटी मळमळ आणि पोटदुखी वाढते. गोळी कडू असते. रडणाऱ्या लहानग्याच्या तोंडात ती कधीही कोंबू नये, घशात अडकते. तीन महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाण्यात विरघळणारी 150 मिलिग्रॅमची अर्प्राझिक्वांटेल आता आली आहे.

घोळ होतो तो इथे. औषध मोठे कृमी मारतं, नुकत्याच शिरलेल्या पिल्लांवर ते फारसं चालत नाही. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून दुसरा डोस द्यावा लागतो. भिंतीत रुतलेली अंडीही लगेच जात नाहीत, त्यामुळे रक्त काही आठवडे दिसू शकतं. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये. अंडी जिवंत आहेत का, ते पाहावं. वेळेत उपचार झाले तर मुलांचं मूत्राशय बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मूत्रनलिका अडतात आणि मोठेपणी मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही हा आजार 1952 साली नोंदला गेला होता. आज आपल्याकडे मुलाची लघवी लाल दिसली तर मुतखडा, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाची सूज हे आधी तपासतात. पण कुटुंब आफ्रिकेत राहून आलं असेल आणि मूल तिथल्या तळ्यात पोहलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.