पाव युनिटचं अंतराळ आणि नऊ युनिटचं अंतराळ

पुण्याहून सातारा जेवढं लांब आहे ना, त्यापेक्षा अंतराळ जवळ आहे, फक्त सरळ वर जायचं. १०० किलोमीटरवर कारमान रेषा मानतात आणि तिच्या पलीकडे अंतराळ, म्हणजे सातारा रोड उभा केला तर गाव यायच्या आधीच आपण पोचलो. मग एवढे अब्जाधीश वीस-पंचवीस वर्षं त्यावर पैसा का ओततायत?

जरा लाईटबिलाच्या भाषेत बघू. एक किलोची वस्तू १०० किलोमीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा काढली तर येते जेमतेम पाव युनिट, खरंच, गिझर सात-आठ मिनिटं चालला की संपतं तेवढंच. पण तीच वस्तू वर गेल्यावर परत खाली न पडता पृथ्वीभोवती फिरत राहायला हवी असेल तर तिला आडवा वेग द्यावा लागतो, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर, आणि ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग येतो त्यामुळे मीटर एकदम नऊ युनिटवर जातो. हे नुसतं त्या एका किलोचं झालं, इंधनाला स्वतःचंच ओझं उचलावं लागतं तो खर्च वेगळाच. आणि परत येताना हीच सगळी ऊर्जा उष्णता म्हणून कुठेतरी काढून टाकायची असते.

बातम्यांमध्ये या सगळ्यांची एकच शर्यत दाखवतात, पण शर्यती दोन आहेत. पाव युनिटवाली आणि नऊ युनिटवाली.

पाव युनिटवाली सुरू झाली १९९६ मध्ये. एक्स प्राइझ नावाचं एक कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, अट अशी की सरकारी मदत न घेता तीन माणसं मावतील असं यान १०० किलोमीटरवर न्यायचं आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान परत एकदा न्यायचं. २६ टीम उतरल्या. गंमत म्हणजे आयोजकांकडे तेवढे पैसेच नव्हते, त्यांनी चक्क विमा काढला होता, २००४ संपेपर्यंत कोणी जिंकलं तर विमा कंपनी पैसे देणार!

आणि जिंकलं. डिझायनर बर्ट रुटान, पैसे मायक्रोसॉफ्टच्या पॉल अॅलनचे, यानाचं नाव स्पेसशिपवन. अॅलनने दोन कोटी डॉलरच्या वर घातले एक कोटीचं बक्षीस मिळवायला, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंधन काय, तर टायरच्या जातकुळीतलं रबर, आणि ते जाळायला डेंटिस्टकडे असतो तो लाफिंग गॅस. कॅलिफोर्नियातल्या मोहावेहून एक विमान त्याला पोटाशी धरून वर न्यायचं, तिथे सोडायचं आणि मग इंजिन पेटायचं. जून २००४ मध्ये पायलट माइक मेलव्हिलने वर पोचल्यावर आपल्या जेम्ससारख्या रंगीत गोळ्या कॉकपिटमध्ये सोडून दिल्या, त्या तरंगत राहिल्या.

मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे उतरण्याची युक्ती. पंखांचा मागचा भाग शेपटीसकट वर दुमडायचा, की यान बॅडमिंटनच्या फुलासारखं होतं. फूल कसंही उडवा, पडताना बूड खालीच येतं, तसंच हे पायलटने काही न करता सरळ होतं आणि हवेत लवकर मंदावतं. पण हे पाव युनिटमध्येच जमतं बरं का, नऊ युनिट घेऊन येणारं यान असं पंख दुमडून आलं तर जळूनच जाईल.

हीच युक्ती पुढे जिवावर बेतली. ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सनच्या, याच धाटणीच्या मोठ्या यानाच्या चाचणीत, ३१ ऑक्टोबर २०१४ ला, सहपायलटने पंखांचं लॉक ध्वनीच्या १.४ पट वेगानंतर काढायच्या ऐवजी ०.८ पटीलाच काढलं. हवेच्या जोराने पंख आपोआप दुमडले आणि यानाचे तुकडे झाले. सहपायलट गेला, पायलट पॅराशूटने वाचला.

२०२१ च्या जुलैमध्ये ब्रॅन्सन ११ ला आणि जेफ बेझोस २० ला वर जाऊन आले. ब्रॅन्सन गेला ८६ किलोमीटरच्या आसपास, अमेरिकेत ८० लाच अंतराळ धरतात, मग कबड्डीत पाय रेषेला लागला की नाही यावर भांडतात तसं झालं.

इलॉन मस्क मात्र पहिल्यापासून नऊ युनिटच्या मागे. त्याचं फाल्कन १ हे रॉकेट लागोपाठ तीनदा फसलं. तिसऱ्यांदा तर कारण बघा, इंजिन बंद झाल्यावरही थोडा जोर शिल्लक होता त्यामुळे सुटलेला खालचा भाग वरच्याला मागून धडकला. उपाय काय, इंजिन बंद झाल्यावर भाग सोडायच्या आधी थोडं जास्त थांबायचं! दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २००८ ला, चौथं रॉकेट कक्षेत गेलं.

बेझोसची कंपनी मस्कच्या कंपनीपेक्षा दोन वर्षं आधीची, २००० सालची. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी नुसतं सरळ वर जाऊन आलेलं रॉकेट उभं उतरवलं, महिन्याभरात मस्कनेही उतरवलं, तर बेझोसने ट्विट करून क्लबमध्ये स्वागत केलं. चिडवायला ठीक आहे, पण मस्कचं रॉकेट कक्षेकडे आडवं सुसाट निघालेलं होतं, तिथून वळून आलं. बेझोसचं पहिलं कक्षेत जाणारं रॉकेट, न्यू ग्लेन, उडालं जानेवारी २०२५ मध्ये. त्याचा खालचा भाग तेव्हा परत आला नाही, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या खेपेला मात्र समुद्रातल्या जहाजावर नीट उभा उतरला. जहाजाचं नाव जॅकलिन, बेझोसच्या आईचं.