चिनी नोटा: जे चलन बुडाले, तेच हाती उरले

नोट जितकी जुनी तितकी महाग, हा समज चिनी नोटांपुरता तरी सोडून द्यावा लागतो. इथे भाव ठरतो तो किती नोटा मागे उरल्या यावर, आणि त्या का उरल्या याचे उत्तर हजार वर्षांच्या इतिहासात सापडते.

सुरुवात सोंग राजवटीतल्या सिचुआन प्रांतात झाली. तिथे लोखंडी नाणी चालत. किरकोळ खरेदीलाही ओझे वाहायची वेळ येई, म्हणून चेंगदूच्या व्यापाऱ्यांनी ठेवपावत्या द्यायला सुरुवात केली. पुढे काही पेढ्यांना पावत्यांचे पैसे देता येईनात, तेव्हा 1023 मध्ये सरकारने हा कारभार आपल्याकडे घेतला आणि पुढच्या वर्षी जगातली पहिली सरकारी नोट निघाली. तिचे नाव ‘जियाओझी’. ती ठरावीक मुदतीनंतर बदलून घ्यावी लागे. तिचा निर्विवाद म्हणावा असा एकही नमुना आज उपलब्ध नाही.

पुढे चीनमध्ये युआन राजवट स्थापणाऱ्या मंगोल सम्राट कुब्लाई खानाने 1260 मध्ये नोटांचे चलन सुरू केले. मार्को पोलोने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. मुहम्मद तुघलकाने 1329-30 च्या सुमारास तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली, तीही चीन आणि इराणच्या उदाहरणावरून, असे इतिहासकार मानतात. त्यातली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत.

संग्राहकाचा जीव खरा अडकतो तो 1375 पासूनच्या मिंग राजवटीच्या नोटेत. तुतीच्या सालीचा करडा, जाडसर कागद, सुमारे 34 सेंटिमीटर उंच आणि 22 रुंद. हातात धरायला दोन्ही हात लागावेत एवढी ती मोठी असते. मध्यभागी नाण्यांच्या दहा माळा छापल्या आहेत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही एक हजार नाण्यांचे मूल्य कळावे. खाली सरळ धमकी आहे: नकली नोट करणाऱ्याचा शिरच्छेद, आणि पकडून देणाऱ्याला 250 लिआंग (चिनी वजनाचे माप) चांदी, शिवाय गुन्हेगाराची मालमत्ता. पण या नोटेच्या बदल्यात सरकार चांदी देत नसे, छपाईला धरबंद नव्हता, आणि काही दशकांत ती कवडीमोल झाली. 2016 मध्ये मेलबर्नमधल्या एका लिलावगृहाला जुन्या लाकडी मूर्तीच्या मस्तकात अशी एक नोट मिळाली.

हीच चूक विसाव्या शतकात पुन्हा झाली. 1935 चे ‘फाबी’ हे सरकारी कागदी चलन युद्धखर्चात वाहून गेले. ऑगस्ट 1948 मध्ये 30 लाख फाबींना ‘गोल्ड युआन’ या नव्या चलनाचा एक युआन असा दर ठरला आणि वर्षभराच्या आत तोही कोसळला. या नोटा बदलून घेण्यात अर्थच राहिला नव्हता, म्हणून त्या घराघरांत पडून राहिल्या आणि त्यातल्या पुष्कळ आजही स्वस्तात मिळतात.

उलट, रेन्मिन्बीच्या, म्हणजे चीनच्या आजच्या चलनाच्या, पहिल्या मालिकेतल्या 62 प्रकारच्या नोटा 1955 मध्ये जुन्या 10,000 युआनला नवा एक या दराने सरकारजमा झाल्या. हातचे पैसे कोण सोडणार? लोकांनी त्या बदलून घेतल्या, आणि म्हणूनच 1951 ची मंगोल मजकुराची 10,000 युआनची नोट इतकी दुर्मीळ आहे. 1953 सालच्या तीन युआनच्या नोटेचेही तसेच. ती सोव्हिएत संघात छापलेली. संबंध बिघडल्यावर 1964 मध्ये जेमतेम महिन्याची मुदत देऊन परत घेतली गेली. अशा नोटांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.