पीसीओएस: उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून थांबू नका

लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबली की आई गावाहून येते, सोनोग्राफी होते, ‘अंडाशयात गाठी आहेत, पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हा हॉर्मोनचा बिघाड) आहे’ असं कानावर पडतं आणि घरात एकच घोर लागतो, पुढे मूल होईल ना? त्याच मुलीच्या मानेवर मागे काळपट, जाडसर पट्टा आलेला असतो. ‘मळ आहे, घासून धू’ म्हणून तो विषय मिटतो. माझ्या मते तो पट्टा सोनोग्राफीइतकाच बोलका आहे. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेची आणि काखेची त्वचा अशी जाड होते.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर कशीबशी आवाक्यात ठेवतं. अंडाशय मात्र त्या जादा इन्सुलिनला पुरेपूर दाद देतं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन वाढवतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन यकृतात कमी बनू लागतं. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल दिसलं तरी मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त असू शकतं. हनुवटीवरचे केस आणि न हटणारे मुरुम त्यातूनच येतात.

समजा, उपाशीपोटी साखर ९२ आली. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही, सगळे निर्धास्त. पण त्याच रक्तात इन्सुलिन २२ असेल तर? दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं, की होमा-आयआर हा आकडा मिळतो. इथे तो जवळपास ५ येतो, आणि साधारण अडीचच्या पुढे गेला की इन्सुलिनला प्रतिरोध असल्याची शंका घेतात. तरी प्रत्येकीने इन्सुलिन तपासावं असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेगणिक आकडा बदलतो, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही ही तपासणी सरसकट करायला सांगत नाहीत. त्या भर देतात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्यावर. ती १४० ते १९९ आली तर मधुमेहाची पूर्वस्थिती, २०० किंवा वर गेली तर मधुमेहाची पातळी. उपाशीपोटी लपलेला बिघाड इथे उघडा पडतो. सोबत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, हवी. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५० च्या खाली ही पीसीओएसमध्ये नेहमी दिसणारी जोडी आहे.

आणि दाहाचं, म्हणजे शरीरातल्या मंद सुजेचं, काय? पोटातल्या चरबीतून इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सुटतात आणि त्यामुळे यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवतं. पीसीओएसमध्ये सीआरपी थोडं वाढलेलं आढळतं, अगदी सडपातळ बायकांतही. ३ च्या वरचं एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारीक तपासणी) हृदयविकाराच्या दृष्टीने जास्त धोक्याचं मानतात. पण साधा ताप आला किंवा हिरड्या सुजल्या तरी ते चढतं, त्यामुळे त्यावरून निदान होत नाही. महागड्या पॅकेजमध्ये ही तपासणी हौसेने घातलेली असते. हातात पैसे मोजकेच असतील तर ते ग्लुकोजच्या तपासणीवर घालवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेली आणि २०१९ मध्ये त्याची राज्यपातळीवर चौकशी झाली. पाळीचा त्रास म्हणजे पिशवीचा दोष, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे. पीसीओएसमध्ये पिशवी काढली तरी इन्सुलिनचा बिघाड जागच्या जागी राहतो, आणि पाळी लांबण्याची धोक्याची खूणच तेवढी बंद होते.

ग्लुकोजच्या तपासणीला रात्रभर उपाशी राहून सकाळी लवकर जावं लागतं. आधीचे तीन दिवस भाकरी-भात नेहमीसारखा खायचा, रिपोर्ट चांगला यावा म्हणून कमी करायचा नाही. मधले दोन तास तिथेच बसून राहायचं, बाजारात चक्कर मारायची नाही. तालुक्याला एसटीने येणाऱ्या मुलीचा अख्खा दिवस त्यात जातो, हे खरं. निदान झाल्यावर एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं एक ते तीन वर्षांनी, एवढ्यासाठी तो दिवस काढाच.