पार्श्वभूमी : वांग श्वांग पॅरिसहून का परतली?

६ फेब्रुवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चीनने महिला फुटबॉलचा आशिया चषक जिंकला. मध्यंतराला ०-२ अशी पिछाडी, शेवटी ३-२ असा विजय, आणि निर्णायक गोल भरपाई वेळेत. त्या तीन गोलांपैकी एकही चीनची आघाडीची खेळाडू वांग श्वांग हिचा नव्हता. तीन दिवस आधी बालेवाडीत जपानविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात तर घोट्याच्या दुखापतीमुळे ती खेळलीही नव्हती. असं असूनही या संघाबद्दल बोलायला बसलं की गाडी तिच्यावर येते, आणि तिच्याबद्दल बोलताना पॅरिसचा क्लब सोडून मायदेशी परतण्याच्या २०१९ सालच्या निर्णयावर अडते.

१९९० च्या दशकातला चिनी दबदबा बहुतेकांना ठाऊक असतो : १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधलं रौप्य, १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून पेनल्टी शूटआउटमध्ये झालेली हार, आणि त्याच वर्षापर्यंत सलग सात आशिया चषक. ‘पोलादी गुलाब’ हे बिरुद त्या पिढीचं. पुढे २००६ चा आशिया चषक सोडला तर मिरवण्यासारखं फारसं काही उरलं नाही. वांगचा जन्म जानेवारी १९९५ चा, वूहानचा. ती मोठी झाली ती या उतरत्या काळात.

२०१८ हे तिचं वर्ष. ऑगस्टमध्ये तिने पॅरिसच्या क्लबशी करार केला आणि लगोलग आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी इंडोनेशिया गाठलं. तिथे चीनला रौप्य मिळालं. अंतिम सामना जपानने १-० असा जिंकला. नोव्हेंबरमध्ये तिला आशियातली वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू हा मान मिळाला. फ्रेंच लीगच्या त्या हंगामात १८ सामने आणि ७ गोल अशी तिची कामगिरी आहे. लियाँच्या बलाढ्य संघामागे पॅरिसचा संघ दुसरा आला. युरोपात पहिलंच वर्ष काढणाऱ्या २३ वर्षांच्या मुलीसाठी हे आकडे उत्तमच म्हणायला हवेत.

आणि हंगाम संपल्यावर ती वूहानला परतली.

कारण सांगितलं गेलं ते टोकियो ऑलिंपिकच्या तयारीचं. २०१९ च्या विश्वचषकात चीनने साखळीत तीन सामन्यांत एकच गोल केला आणि पुढच्या फेरीत इटलीकडून ०-२ असा हरून बाहेर पडला. वांगला एकही गोल करता आला नव्हता. त्यामुळे टीकाकारांनी जो अर्थ लावायचा तो लावला : मुलीला परदेश झेपला नाही, घरची ओढ जिंकली. तिच्या बाजूचे म्हणत होते की देशासाठी तिने क्लबवर पाणी सोडलं. माझ्या मते दोन्ही बाजू तिच्या स्वभावाविषयी बोलत राहिल्या आणि वेळापत्रक कोणी उघडून पाहिलंच नाही.

युरोपातला क्लब खेळाडूला राष्ट्रीय संघासाठी सोडतो तो आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या ठरावीक दिवसांतच. चिनी महिला संघाची रीत वेगळी. मोठ्या स्पर्धेआधी आठवडेच्या आठवडे चालणारी बंदिस्त शिबिरं, आणि त्यात जी नाही तिची जागा पक्की नाही, हा अलिखित नियम. त्यात भर प्रांतांची. चीनमध्ये खेळाडूची नोंदणी तिच्या प्रांताकडे किंवा शहराकडे असते, आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतल्या पदकांवर स्थानिक क्रीडा अधिकाऱ्यांची पत ठरते. बाहेरच्याला ही स्पर्धा किरकोळ वाटेल. आतल्या माणसाला ती काही वेळा विश्वचषकाहून जवळची असते. पुढची स्पर्धा २०२१ मध्ये होती. ऑलिंपिकची पात्रता फेरी, ऑलिंपिक, राष्ट्रीय स्पर्धा असं सगळं ओळीने समोर असताना पॅरिसमध्ये राहायचं म्हणजे प्रत्येक वेळी कोणाची तरी नाराजी ओढवून घ्यायची. तिच्या मनात नेमकं काय होतं ते तिलाच ठाऊक. पण ज्या व्यवस्थेत परतणं हीच सोयीची वाट होती, तिथे ती परतली याचं खापर एकटीवर फोडणं मला पटत नाही.

हीच व्यवस्था पुढे किती उघडी पडली ते २०२१ मध्ये दिसलं. टोकियोहून हात हलवत आल्यावर राष्ट्रीय संघातल्या अनेक जणींचा मिळून एक ‘संयुक्त संघ’ राष्ट्रीय स्पर्धेत उतरवला गेला. वर्षानुवर्षं स्वतःच्या मुली घडवून तिथवर पोहोचलेल्या प्रांतांसमोर अर्धा देश उभा केल्यासारखं ते होतं. ओरड झाली, आणि ती रास्त होती. सुवर्ण अर्थातच संयुक्त संघाने नेलं. रौप्यावर राहिलेल्या शांघायच्या प्रशिक्षिकेकडे काही आठवड्यांतच राष्ट्रीय संघाची सूत्रं आली, आणि पुढे नवी मुंबईत चषक उचलला तो तिच्याच संघाने.

मधला काळ थोडक्यात. वांग ज्या ऑलिंपिकसाठी परतली होती त्याच्या पात्रता फेरीचा एक गट मुळात वूहानमध्येच व्हायचा होता. कोरोनामुळे तो आधी नानजिंगला आणि मग ऑस्ट्रेलियाला हलवला गेला. बाकीचा संघ ब्रिस्बेनच्या हॉटेलात विलगीकरणात, मजल्यावरच्या वऱ्हांड्यात व्यायाम करत होता. वांग टाळेबंद वूहानमध्ये अडकून गच्चीवर सराव करत होती. तिच्याशिवाय चीनने थायलंडला ६-१, चिनी तैपेईला ५-० असं हरवलं आणि ऑस्ट्रेलियाशी १-१ बरोबरी साधली. उरलेली प्ले-ऑफ लढत वर्षभराहून अधिक लांबली. अखेर एप्रिल २०२१ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला सामना २-१ असा जिंकून आलेला चीन सूजौमध्ये ०-२ ने मागे पडला. वांगच्या फ्री किकवरून एक गोल फिटला आणि जादा वेळेत तिने लांबून मारलेल्या फटक्याने तिकीट मिळवून दिलं. टोकियोत झांबियाविरुद्ध ४-४ बरोबरी झाली, त्यातले चारही गोल तिचे होते. पण ब्राझीलकडून ०-५ आणि नेदरलँड्सकडून २-८ अशी धूळधाण झाली. तीन सामन्यांत १७ गोल खाणाऱ्या संघात आघाडीच्या खेळाडूने आणखी काय करायचं होतं?

आशिया चषकातला चीनचा प्रवास मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात अनेकांनी जवळून पाहिला, त्यामुळे तो इथे उगाळत नाही. (यजमान भारताला संघातल्या कोरोनाच्या लागणीमुळे साखळीतूनच माघार घ्यावी लागली, ती हळहळ वेगळी.) या विषयापुरतं महत्त्वाचं नाव आहे जांग लिनयान, जन्म २००१. अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरलेल्या, संघात उंचीने लहान असलेल्या या मुलीने डोक्याने बरोबरीचा गोल केला. त्याच वर्षी ती स्वित्झर्लंडच्या क्लबकडे गेली, पण उसनवारीवर. मूळ संघ वूहानचाच. वांगच्या वेळी न सापडलेली ही तडजोड होती. खेळाडू युरोपात, नोंदणी घरी, प्रांतही खूश. आशिया चषकानंतर आणखी काही जणी स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्सकडे निघाल्या. वांग स्वतः ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या क्लबकडे गेली आणि पुढच्या वर्षी परतली. यावेळी मात्र तिच्या परतण्याला कोणी देशप्रेम किंवा भित्रेपणा अशी लेबलं फारशी लावली नाहीत.

खेळाडू परदेशी गेल्या म्हणून निकाल सुधारले असंही नाही. २०२३ च्या विश्वचषकात चीन पहिल्यांदाच साखळीत गारद झाला. हैतीविरुद्ध दहा जणींनिशी मिळवलेला १-० विजय आणि इंग्लंडकडून १-६ हारताना केलेला एकमेव गोल, दोन्ही वांगच्या पेनल्टीवर. त्याच वर्षी शियामेनमध्ये, म्हणजे घरच्याच मैदानावर, पॅरिस ऑलिंपिकची संधीही गेली. जानेवारी २०२४ मध्ये वांगने लंडनमधल्या क्लबशी करार केला, आणि तिथूनही ती परतली ती वूहानलाच. मे २०२५ मध्ये वूहानच्या संघाने आशियाई क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगचा पहिलावहिला चषक घरच्या मैदानावर जिंकला. मेलबर्नच्या संघाविरुद्ध १-१ बरोबरी होती. शूटआउट ५-४ असं सुटलं.