उपचारदरी व मानसिक आरोग्यसेवांपासून वंचित गट (कोल्हापूर जिल्हा)

मानसिक आजार असूनही उपचाराविना राहिलेल्या लोकांचे प्रमाण म्हणजे उपचारदरी. हे लोक कोण, ते दवाखान्याची पायरी का चढत नाहीत आणि सेवा त्यांच्या दारापर्यंत कशी न्यावी, हा या संशोधनशाखेचा विषय आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ही दरी विकारानुसार ७० ते ९२ टक्के आढळली. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कोल्हापूरविषयी लिहिताना हे आकडे सर्रास वापरले जातात, तेव्हा एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ असून तालुके १२ आहेत. मोठे सरकारी रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'सीपीआर', कोल्हापूर शहरात आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचे तर आंबा घाट उतरावा लागतो. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. तो तिकडे गेला की त्याची नोंद दुसऱ्या राज्यात होते. म्हणून बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीवर बेतलेला अभ्यास आजाराचे प्रमाण सांगत नाही. एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी कोणाला सोडता आली, एवढेच सांगतो.

नोंदीतून सर्वाधिक निसटतात ते ऊसतोड मजूर. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या येतात, गळीत हंगाम संपला की परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत रजा नसते. गावच्या आशाताईच्या यादीत ही कुटुंबे असतीलच असे नाही. औषध सुरू झाले तरी पुढच्या तपासणीला टोळी दुसऱ्या फडात असते, आणि संशोधकाच्या तक्त्यात ते 'पाठपुरावा सुटला' म्हणून जमा होतात. सुटतो तो खरे तर पाठपुरावा करणारा.

मोजपट्टीचीही अडचण आहे. नैराश्य तपासण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सूची मागच्या दोन आठवड्यांतील झोप, थकवा, भूक यांविषयी विचारते. रात्री गाडी भरून पहाटे पुन्हा फडात उतरणाऱ्या बाईची झोप मोडते ती कामाने. इचलकरंजीच्या यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याचेही तेच. त्यांना गुण जास्त पडतात, पण ते नैराश्याचे की रात्रीच्या कामाचे, हे सूचीवरून कळत नाही. उलट 'उदास वाटते का?' या पुस्तकी प्रश्नाला 'न्हाई' असे उत्तर देणारी बाई 'जिवाला घोर लागलाय', 'काळीज धडधडतंय', 'डोस्क्यात भुंगा फिरतोय' असे सहज सांगून जाते. भाषांतर अचूक असले म्हणजे प्रश्न समजला, असे नव्हे.

'बाहेरचं झालंय' अशी समजूत असली की आधी देवऋषी, मग नरसोबाची वाडी, आणि दवाखाना शेवटी, हा क्रम सर्वपरिचित आहे. त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे अभ्यास मला उथळ वाटतात. वाडीला घरची माणसे सोबत जातात, मुक्काम करतात आणि आजाऱ्याला वेडा ठरवीत नाहीत. दवाखान्यात यातले काय मिळते, हेही विचारायला हवे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ, करवीर तालुक्यांतील पूरग्रस्तांच्या मनावरच्या परिणामांचा प्रश्नही यात येतो. येथे पूर ओसरल्यानंतर लगेच केलेली पाहणी पुरत नाही, पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढू लागल्यावर पुन्हा जावे लागते.

उपायांबाबत शेजारचे अनुभव उपयोगी आहेत. गोव्यातील 'मानस' या उपचारपद्धतीच्या चाचणीत (२०१०) डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत चांगला परिणाम साधता आला. अमरावती जिल्ह्यातील 'विश्राम' उपक्रमात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्हीकडे मदतनीस आणि मदत घेणारा एकाच मुलुखातले होते. फिरत्या टोळीसोबत कोण फिरणार, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. मात्र खोपीत फोन एकच असला आणि तो नवऱ्याच्या खिशात असला, तर बाईने कोणासमोर बोलायचे?